मलकापूर नगरपरिषद : सेवा, मुदती आणि हरकती

नळगंगेच्या काठी वसलेल्या मलकापूर शहराचा रोजचा कारभार नगरपरिषद पाहते. लोकसंख्या चाळीस हजार ते एक लाख यांच्या दरम्यान असल्याने ती ‘ब’ वर्गात मोडते आणि तिला महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ हा कायदा लागू आहे. राज्यात मलकापूर नावाच्या आणखी दोन नगरपरिषदा आहेत, एक कराडजवळ आणि दुसरी कोल्हापूर जिल्ह्यात. म्हणून ऑनलाइन अर्ज भरताना जिल्हा बुलढाणा निवडला आहे ना, हे आधी पाहावे.

पाणीपुरवठा, गटारे, रस्त्यावरची दिवाबत्ती, साफसफाई, घंटागाडी, अग्निशमन, स्मशानभूमी, जन्म-मृत्यूची नोंद ही नगरपरिषदेची बंधनकारक कामे. घरातली वीज गेली तर ते काम महावितरणचे, पण खांबावरचा दिवा बंद असेल तर तक्रार नगरपरिषदेकडे करायची. सातबारा तलाठ्याकडे मिळतो आणि घराच्या कराचा उतारा नगरपरिषदेत. मलकापूरकरांच्या बाबतीत हा गुंता जरा जास्तच आहे. जिल्हाधिकारी बुलढाण्याला आणि विभागीय आयुक्त अमरावतीला बसतात, रेल्वेचे विभागीय कार्यालय भुसावळला आहे आणि लोकसभेचा मतदारसंघ आहे रावेर. चुकीच्या दारी दिलेला अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आल्यापासून दाखल्यांना मुदत ठरली आहे. जन्म किंवा मृत्यूचा दाखला, कर आकारणीचा उतारा आणि थकबाकी नसल्याचा दाखला यांना प्रत्येकी ३ दिवस, खरेदीनंतर किंवा वारसाने घर नावावर करण्यास १५ दिवस. अर्जाची पोच मात्र घ्यायलाच हवी, कारण मुदत मोजायची ती पोचपावतीवरच्या तारखेपासून. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला गेला, तर ३० दिवसांत पहिले अपील, मग दुसरे आणि शेवटी राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. सबळ कारणाशिवाय सेवा टाळणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. बाळाच्या जन्माची नोंद मात्र नागरिकांनीही वेळेत, म्हणजे २१ दिवसांत, करायची असते. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला धरला जातो. म्हणून ही दिरंगाई पुढे फार महागात पडते.

सेवा घेणे ही एक बाजू झाली; कारभारात बोलण्याचा हक्क ही दुसरी. राज्यघटनेतील ७४ व्या दुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांसाठी. मलकापूर त्या आकड्याच्या बरेच खाली आहे. त्यामुळे इथल्या रहिवाशाच्या हातातले खरे साधन म्हणजे हरकत.

घरपट्टीचेच पाहा. दर चार वर्षांनी शहरातल्या मालमत्तांची फेरआकारणी होते. मोजणी करणारे येतात, घराची लांबी-रुंदी, बांधकामाचा प्रकार, स्वतःचा वापर की भाडेकरू, हे टिपतात. त्यावरून आकारणीची यादी तयार होते, ती नगरपरिषदेत पाहायला ठेवली जाते आणि हरकतींसाठी मुदत दिली जाते. मातीचे घर पक्के म्हणून लागले, बंद पडलेले दुकान चालू दाखवले, एकच खोली दोनदा मोजली, अशा चुका याच वेळी दुरुस्त होऊ शकतात. हरकत लेखी द्यायची, सोबत जुनी पावती आणि घराचा नकाशा जोडायचा, सुनावणीला स्वतः हजर राहायचे. यादी एकदा कायम झाली की अपिलाची वाट उरते, पण ती लांबची आहे. बिल हातात पडल्यावर ओरड करणारे पुष्कळ असतात. यादी लागली तेव्हा ती जाऊन पाहणारे थोडे. शिवाय रागाने कर थकवला, तर थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढत जाते.

शहराच्या विकास योजनेचा मसुदा, प्रभागांची रचना आणि प्रारूप मतदारयादी यांवरही अशाच हरकती व सूचना मागवल्या जातात. झाडाचेही तसेच. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे झाड तोडण्यापूर्वी सूचना लावावी लागते आणि लोकांना हरकत घेता येते. बुंध्यावरचा तो कागद वाचणारा एक माणूसही पुरेसा ठरू शकतो.

काही समित्यांत तर नागरिक सभासद म्हणूनच बसतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा हातगाडीवाल्यांच्या आणि फेरीवाल्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींसाठी असतात, त्यांतल्या एक-तृतीयांश महिलांसाठी. भाजीची गाडी कुठे लावायची, हे ठरवताना गाडीवालीचा शब्द तिथे धरावा लागतो. नागरी उपजीविका अभियानातून बचतगट, वस्तीस्तर संघ आणि शहरस्तर संघ उभे राहिले. ज्या बायका एरवी नगरपरिषदेची पायरी चढल्या नसत्या, त्या या संघांमुळे बँकेत आणि कार्यालयात सहज बोलू लागतात, आणि या अभियानाचे हे सर्वांत मोलाचे फळ आहे.

पैसा कुठे खर्च होणार, हे सर्वसाधारण सभेत ठरते. पुढल्या वर्षाचा अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीत मंजुरीला येतो. म्हणून गल्लीतल्या नालीची किंवा रस्त्याची मागणी दिवाळीनंतर लगेच नगरसेवकाकडे आणि मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी. मार्चमध्ये दिलेली मागणी पुढल्या वर्षावर जाते. मुदती संपल्यानंतर राज्यातल्या नगरपरिषदांवर काही वर्षे प्रशासक होते आणि सभागृहे रिकामी होती. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर लोकनियुक्त सभासद पुन्हा तिथे बसू लागले. सभेत मंजूर झालेला ठराव, कामाचे अंदाजपत्रक किंवा ठेकेदाराला दिलेला कार्यादेश पाहायचा असेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत करता येतो आणि त्याचे उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.