टवक्यातली मोटार

३१ ऑगस्ट १९९७ला मध्यरात्र उलटल्यावर पॅरिसच्या आल्मा बोगद्यात ब्रिटनची प्रिन्सेस डायना बसलेली काळी मर्सिडीज खांबावर आदळली. तपास करणाऱ्यांना गाडीच्या उजव्या बाजूला पांढऱ्या रंगाचे ओरखडे दिसले. कुणीतरी मर्सिडीजला घासून गेलं होतं आणि थांबलं नव्हतं. नंबर कुणी टिपला नव्हता. तरी त्या ओरखड्यांवरून आणि रस्त्यावर सापडलेल्या मागच्या दिव्याच्या तुकड्यांवरून फ्रेंच तज्ज्ञ १९८३ ते १९८७ दरम्यान बनलेल्या फियाट उनोपर्यंत पोचले. नखाने खरवडता येईल एवढ्या रंगात गाडीचं मॉडेल आणि जन्मकाळ!

हे जमतं, कारण मोटारीचा रंग हा एक रंग नसतोच. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर बहुधा चार थर असतात आणि सगळे मिळून जाडी भरते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. मला त्यातला सर्वांत आतला थर विलक्षण वाटतो. गाडीचा अख्खा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून वीज सोडतात. विद्युतभारित रंगकण पत्र्याकडे ओढले जातात. जिथे थर बसला तिथे वीज अडते. मग ती उघड्या राहिलेल्या जागांकडे वळते आणि रंगही तिच्यामागोमाग तिथे जातो. ब्रश पोचणार नाही अशा खाचा आपोआप भरून निघतात. त्यावर प्रायमर, मग आपल्याला दिसणारा रंग (चमक हवी तर ॲल्युमिनियमचे पापुद्रे, मोत्याची झाक हवी तर टायटॅनियम डायऑक्साइड चढवलेला अभ्रक) आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोट.

रंगाचा टवका आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की हे थर ओळीने दिसतात. मग एकेकाची उलटतपासणी. पातळ काप दोन हिऱ्यांमध्ये दाबून चपटा करतात आणि त्यातून अवरक्त किरण सोडतात. हिराच, कारण कठीण असूनही तो या किरणांना बऱ्यापैकी वाट देतो. रेणूंमधले बंध आपापल्या ठरावीक लहरी शोषून घेतात. कोणत्या लहरी गिळल्या गेल्या यावरून इपॉक्सी, ॲक्रिलिक की पॉलिएस्टर ते कळतं. मूलद्रव्यं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक ओळखतो. एखादा कण ऑक्सिजनविना क्षणात तापवून त्याच्या रेणूंचे तुकडेही तपासतात, पण तो कण परत मिळत नाही, म्हणून ही पाळी शेवटी.

जुळवायचं कशाशी? कॅनडाच्या पोलिसांनी १९७०च्या दशकापासून ‘पेंट डेटा क्वेरी’ नावाचा संग्रह जमवला आहे. त्यात हजारो गाड्यांच्या थरांची रसायनं नोंदली आहेत. कळीचा दुवा बरेचदा वरचा झगझगीत रंग नसतो. आतले मुके थर कारखान्याचं नाव सांगतात.

अर्थात त्या कारखान्यातून तसल्याच हजारो गाड्या निघालेल्या असतात. इथे गंमत उलटी होते. शोरूममधली कोरी गाडी गर्दीत मिसळून जाते. चारदा ठोकलेली, लांबी भरून वेगवेगळ्या गॅरेजांत रंगवलेली खटारा गाडी सापडते. तिच्या थरांचा क्रम दुसरीकडे जुळणं फार कठीण. अपघातानंतर घाईघाईने रंग मारून घेणारा चालक खालचं काही पुसत नाही, वर ओळखीचा आणखी एक थर चढवतो.

अमेरिकेत रंगाने एकदा गाडीऐवजी रंगाऱ्याकडे बोट दाखवलं. वॉशिंग्टन राज्यात तरुणींचे ‘ग्रीन रिव्हर’ खून करणारा गॅरी रिजवे केनवर्थच्या ट्रक कारखान्यात रंग मारायचा. फवाऱ्यातून उडालेले थेंब हवेतच वाळले की त्यांचे डोळ्यांना न दिसणारे गोळे होतात. वर्षानुवर्षं जपून ठेवलेल्या, मृत तरुणींच्या कपड्यांवर असे गोळे सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ स्किप पॅलेनिक यांना सापडले, आणि ते निघाले त्या कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या इम्रॉन नावाच्या रंगाचे. २००१ मध्ये मुख्यतः डीएनएवरून रिजवेवर चार खुनांचे आरोप होते. २००३ मध्ये आणखी तीन जोडले गेले, ते या गोळ्यांमुळे.