लोकर कवडीमोल, दख्खनी मेंढीच्या अस्तित्वाचा प्रश्न

दिवाळी सरली की पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातील धनगरांचे वाडे मेंढ्यांसह कोकणाकडे निघतात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. या शेकडो किलोमीटरच्या पायपिटीत टिकणारी मेंढी म्हणजे दख्खनी. कमी चारापाण्यावर भागणारी ही मेंढी अंगावरच्या जाडसर लोकरीमुळे थंडी आणि पाऊसही सोसते.

मात्र आज तीच लोकर तिच्या मुळावर आली आहे. वर्षातून दोनदा लोकर कातरावीच लागते. पूर्वी ती सणगरांच्या मागावर जाऊन तिची घोंगडी होत असे. स्वस्त चादरी आणि ब्लँकेट आल्यावर घोंगडीची मागणी घटली. ही लोकर भरड असल्याने कपड्यांच्या गिरण्यांनाही ती चालत नाही. अनेक ठिकाणी लोकर विकून कातरणीची मजुरीसुद्धा निघत नाही. उत्पन्न उरले ते मांसाचे आणि शेतात मेंढ्या बसवल्याबद्दल शेतकऱ्याकडून मिळणाऱ्या मोबदल्याचे. साहजिकच मेंढपाळ कळपात माडग्याळी नर सोडू लागले. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याची ही मेंढी आकाराने मोठी, लोकर नाममात्र. तीही इथलीच, त्यामुळे मेंढपाळाला दोष देता येणार नाही. परंतु असा संकर पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिल्यास दख्खनीचा काटकपणा विरळ होत जातो, आणि एकदा गेलेला गुण परत आणता येत नाही.

जात टिकवायची तर ती पाळणाऱ्याला परवडली पाहिजे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने हाच विचार केला. दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते, तर बंगालमधील सुंदरबनची चिमुकली गॅरोल मेंढी जुळी देते. या गुणामागे एकच जनुक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याहून ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांबरोबर ते तिथल्या बुरूला मेरिनोत पोहोचले, असे मानले जाते. संस्थेने संकरातून हे जनुक दख्खनीत आणले आणि पुढे पुन्हा पुन्हा दख्खनीशीच संकर करून अंगकाठी मूळ ठेवली. यातून ‘सुवर्णा’ मेंढी तयार झाली. कोणत्या नरात हे जनुक आहे, ते रक्ताच्या डीएनए चाचणीतून कळते.

अर्थात जुळ्या कोकरांना दूध पुरवायचे तर मेंढीला खुराक हवा. भटकंतीत तो कोठून आणायचा, हा प्रश्न मेंढपाळापुढे उरतोच. चराऊ रानांवर इमारती आणि कुंपणे वाढत असताना तो अधिकच बिकट होतो.