चित्रांतली राणी व्हिक्टोरिया



आमच्या आजीच्या पेटीत एक राणीछाप रुपया होता. आपल्या मुलखात बहुतेकांनी व्हिक्टोरिया पाहिली ती अशी, नाण्यावर. तिची इतर चित्रे क्रमाने पाहिली, तर तिचे आयुष्य कळते आणि चित्र काय झाकते तेही कळते.

व्हिक्टोरियाचा जन्म २४ मे १८१९ रोजी लंडनच्या केन्सिंग्टन राजवाड्यात झाला. २० जून १८३७ रोजी काका चौथे विल्यम वारले आणि अठरा वर्षांची ही मुलगी गादीवर आली. त्या दिवशीच्या पहिल्या सभेचे चित्र डेव्हिड विल्कीने काढले. चित्रात ती पांढऱ्या झग्यात आहे. प्रत्यक्षात तिने सुतकाचा काळा पोशाख घातला होता. वयस्क पुरुषांच्या गर्दीत कोवळी राणी उठून दिसावी म्हणून चित्रकाराने रंगच बदलला. राणीला ते चित्र आवडले नाही.

१८४० साली तिचा अल्बर्टशी विवाह झाला. विंटरहाल्टरच्या १८४६च्या चित्रात ती, पती आणि पाच मुले आहेत. भरल्या घराचे हे चित्र पुढे छापील प्रतींतून सर्वदूर गेले. मुले एकूण नऊ झाली. आठव्याच्या, लिओपोल्डच्या वेळी, १८५३ साली डॉ. जॉन स्नो यांनी राणीला क्लोरोफॉर्म दिला. त्यानंतर वेदनारहित बाळंतपणाला समाजात मान्यता मिळू लागली. लिओपोल्डला हिमोफिलिया होता, म्हणजे रक्त न गोठण्याचा विकार. हा दोष आईकडून मुलाकडे येतो. राणीच्या मुलींमार्फत तो युरोपातल्या इतर राजघराण्यांतही गेला. यातले काहीच चित्रांत दिसत नाही.

१४ डिसेंबर १८६१ रोजी अल्बर्ट वारला. कारण विषमज्वर असे नोंदले गेले. १८६२च्या छायाचित्रात राणी आणि काही मुले त्याच्या अर्धपुतळ्याजवळ दिसतात. यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे तिने काळी वस्त्रे सोडली नाहीत.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले गेले. ती स्वतः इथे कधीच आली नाही. दरबार थाटात चालू होता, तेव्हा दख्खनमध्ये माणसे दुष्काळाने मरत होती. रुपयावरची अक्षरे त्या वर्षापासून बदलली, चेहरा मात्र तोच राहिला. इंग्लंडच्या नाण्यांवर १८९३पासून बुरखा घेतलेली वृद्ध विधवा आली. आपल्या रुपयावरची राणी १९०१पर्यंत म्हातारी झालीच नाही.

१८९७च्या हीरकमहोत्सवाचे अधिकृत छायाचित्रही चार वर्षांपूर्वीचे, १८९३चे होते. त्याच महोत्सवाच्या रात्री, २२ जूनला, पुण्यात गणेशखिंडीच्या समारंभाहून परतणाऱ्या रँड आणि आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. प्लेगच्या बंदोबस्तात घरोघर झालेल्या जुलमाचा तो संताप होता. २२ जानेवारी १९०१ रोजी ऑसबर्न येथे राणीचे निधन झाले.

होमिओपॅथीत आम्ही रोग्याचा चेहरा आधी पाहतो, पण औषध ठरते ते पुष्कळ विचारपूस झाल्यावर. आजीच्या त्या रुपयाकडे आता पाहतो, तेव्हा तोच नियम आठवतो. चित्र जरूर पाहावे. मग ते कोणी काढवून घेतले, कधीचे आहे आणि त्याच दिवशी चौकटीबाहेर काय चालले होते, हेही विचारावे.