अननसाच्या गोतावळ्यात नवी भर

अननस ज्या ब्रोमेलिएसी कुळातला, त्यात आज ३,५०० हून अधिक प्रजातींची नोंद आहे आणि दरवर्षी तीत भर पडते. पश्चिम आफ्रिकेतील गिनीत वाढणारी पिटकेर्निया फेलिसियाना ही एक वगळली, तर बाकी सगळ्या मूळच्या अमेरिकेतल्या. ब्राझीलचे अटलांटिक जंगल आणि अँडीज पर्वत ही त्यांची मोठी आगारे. काही प्रजातींचा मुलूख म्हणजे जेमतेम एखादा कातळी डोंगर. त्यामुळे नवे झाड सापडणे तितकेसे अवघड नाही. ते नवे आहे हे सिद्ध करणे जिकिरीचे.

अडचण सुरू होते ती नमुना वाळवताना. पाणी साठवणारे, जाड काटेरी पानांचे झाड दाबून वाळवायला गेले, तर ते कागदावर मावतच नाही. मग एखादे पान आणि फुलोऱ्याचा तुकडा, एवढ्यावर भागवावे लागते. रंग उडतात. पाकळीच्या बुडाशी, आतल्या अंगाला काही प्रजातींत दोन बारीक खवले असतात. पाकळी वाळून चुरगळली की तेही ओळखू येत नाहीत. आणि व्रीसिया व टिलँडसिया हे दोन गट वेगळे करताना दीर्घकाळ पाहिले जायचे ते नेमके हेच खवले! म्हणून जाणकार काही फुले अल्कोहोलमध्ये ठेवतात आणि मापे, छायाचित्रे जागेवरच घेतात.

फूलच नसेल तर काम अडते. या झाडांचा पर्णगुच्छ बहुधा आयुष्यात एकदाच फुलतो, तेव्हा रोप बागेत लावून वाट पाहावी लागते. मात्र ते कुठून आणले याचे टिपण नसेल, तर निसर्गात त्याचा ठावठिकाणा लावणे कठीण.

त्यानंतर तुलना. लायमन स्मिथ आणि रॉबर्ट डाउन्स यांचा १९७४ ते १९७९ दरम्यान निघालेला तीन खंडांचा ग्रंथ त्यासाठी अजूनही उघडला जातो. वेगळेपण पटले, की मूळ नमुना संग्रहालयात जमा करून वर्णन प्रसिद्ध करायचे. ते २०११ अखेरपर्यंत लॅटिनमध्येच लागे. २०१२ पासून इंग्रजीही चालते.

नाव मिळाले तरी जागा पक्की होत नाही. २०१६ मध्ये डीएनएच्या आधारे झालेल्या फेरमांडणीत व्रीसियातल्या कित्येक प्रजाती दुसऱ्या गटांत गेल्या. पाकळीवरचे खवले वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे आले किंवा नाहीसे झाले असल्याने नाते ठरवायला ते एकटे पुरत नाहीत.