टायर फुटणे ही देवाची करणी नव्हे

अपघाताच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते: टायर फुटला आणि चालकाचा ताबा सुटला. चौकशी होते ती उत्तरार्धाची. पूर्वार्ध मात्र वीज पडावी तसा आभाळातून आलेला धरला जातो. २०१० साली पुण्याहून मुंबईला जाताना झालेल्या एका अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीने हेच म्हणणे मांडले होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली ते फेटाळले. टायर फुटणे ही देवाची करणी नसून माणसाचा निष्काळजीपणा आहे, असा निर्वाळा दिला. आता प्रश्न उरतो तो, कोणत्या माणसाचा?

टायर फुटतो रस्त्यावर, पण त्याचे फुटणे बरेच आधी सुरू झालेले असते. हवा कमी असली म्हणजे तो जमिनीवर अधिक दबतो व प्रत्येक फेऱ्याला त्याची बाजू वाकते, पुन्हा सरळ होते. लोखंडी तार हातात धरून आठ-दहा वेळा वाकवून पाहा, ती गरम लागते. तसेच हे आहे. रबराला ही उष्णता लवकर बाहेर टाकता येत नाही. ती आत साठते, रबर आणि त्यातील तारा यांची पकड सुटू लागते, आणि मग एखादा लहानसा खड्डाही पुरतो. जादा माल, जादा वेग आणि तापलेला रस्ता या आगीत तेलच ओततात.

आमच्या चालकांत एक समजूत घट्ट बसली आहे. उन्हाळ्यात हवा चार पौंड कमी ठेवावी, म्हणजे तिला फुगायला जागा राहते. ऐकायला पटते, पण परिणाम नेमका उलटा होतो. कारखान्याने सांगितलेला दाब थंड टायरचा असतो, आणि चालताना तो वाढणार हे धरूनच ठरवलेला असतो. म्हणून हवा सकाळी, गाडी निघण्यापूर्वी पाहावी. वाटेत तापलेल्या टायरमधून सोडू नये. ट्रकच्या मागच्या जोडचाकांतले आतले चाक तर कोणी वाकून पाहतच नाही. ते बसले तरी शेजारचे सगळा भार घेते, चालकाला पत्ता लागत नाही, आणि मग तेही जाते.

बाजूवर फुगा आलेला टायर एक मैलही चालवू नये. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की त्याचे आयुष्य संपले. बाजूवरचे चार आकडेही वाचावे: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी रबर म्हातारे झालेले असू शकते.

इतके करूनही फुटलाच तर? पाय आपोआप ब्रेककडे धावतो. तो आवरणे हीच सर्वांत अवघड गोष्ट. पुढचा टायर फुटला तर गाडी त्या बाजूला ओढते, मागचा फुटला तर शेपटी हलू लागते. अशा वेळी जोरात ब्रेक दाबला तर उरलीसुरली पकडही जाते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचलावा, गाडीला आपल्या वजनाने मंद होऊ द्यावे. वेग पुरता उतरल्यावर हलका ब्रेक, मग डावी कड. उतरायचे ते कठड्यापलीकडे. फुटलेल्या टायरमधून सुखरूप वाचलेला माणूस स्टेपनी बदलताना मागून आलेल्या गाडीखाली गेलेला मी पाहिला आहे.

आता त्या प्रश्नाकडे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १९० सदोष गाडी चालवणाऱ्यालाच नव्हे, ती चालवू देणाऱ्यालाही धरते. परंतु आमच्या एका सभासदाने टायरवरचा फुगा मालकाला तीन वेळा तोंडी सांगितला होता, आणि टायर फुटल्यावर त्याची किंमत याच्याच पगारातून कापली गेली. लेखी काही नव्हते. तेव्हापासून आम्ही प्रत्येक चालकाला कार्बन लावलेली वही देतो. गाडीचा नंबर, चाक कोणते, दोष काय, तारीख, आणि मालकाची किंवा मुकादमाची सही. सही नाकारली, तर नाकारली असे लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या.