नाळेतील रक्तवाहिन्या

एखाद्या गावाशी आपले जन्माचे नाते सांगावयाचे झाले म्हणजे 'माझी नाळ तिथे पुरली आहे' असे आपण म्हणतो. पुरली जाण्यापूर्वी त्या नाळेने काय केले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

दिवस भरलेल्या बाळाची नाळ सुमारे अर्धा मीटर लांब असते. तिच्यात दोन रोहिण्या व एक नीला. शरीरात बहुतेक ठिकाणी रोहिणीत शुद्ध रक्त असते; येथे प्रकार उलटा. रोहिण्या बाळाचे वापरलेले रक्त वारेकडे नेतात आणि प्राणवायू घेतलेले रक्त नीला परत आणते.

या वाहिन्या किती सैल वा आवळलेल्या असाव्यात, हे कोण ठरवितो? आपल्या अंगात हे काम पुष्कळसे मज्जातंतूंचे. भीतीने चेहरा पांढराफटक पडतो तो त्यांच्यामुळेच. नाळेत मात्र, बाळाच्या पोटालगतचा भाग सोडला, तर मज्जातंतू जवळजवळ नाहीतच. म्हणून तर ती कापताना बाळाला वेदना होत नाही. तेथे कारभार चालतो वाहिनीच्या आतल्या अस्तराचा. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू व प्रोस्टासायक्लिन हे द्रव्य निर्माण करून भोवतालचा स्नायू सैल ठेवते. हा वायू रक्ताभिसरणात निरोप्याचे काम करतो, या शोधाबद्दल १९९८ साली फर्चगॉट, इग्नॅरो व म्युराड या अमेरिकी शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. सेरोटोनिन, एंडोथेलिन यांसारखी द्रव्ये उलट तोच स्नायू आवळतात.

जन्म होताच पारडे फिरते. बाहेरचा गारवा, नाळेला बसणारा ताण आणि पहिल्या श्वासांनी रक्तात वाढलेला प्राणवायू यांमुळे रोहिण्या आवळू लागतात. गंमत अशी, की तोच प्राणवायू फुप्फुसांतील वाहिन्या खुल्या करतो!

मात्र नाळेची ही दारे क्षणात मिटत नाहीत. त्या दोन-तीन मिनिटांत वारेतील सुमारे ८० ते १०० मिलिलिटर रक्त बाळाकडे येऊ शकते, आणि त्यातील लोह त्याला पुढे कित्येक महिने उपयोगी पडते. घाईने चिमटा लावला, तर ते वारेबरोबर टाकून दिले जाते. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनी या घाईविरुद्ध १८०१ सालीच बजावले होते. तरी ती विसाव्या शतकात प्रसूतिगृहांची रीतच होऊन बसली. जागतिक आरोग्य संघटना आता निदान १ मिनिट थांबावयास सांगते. बाळ श्वासच घेत नसेल आणि त्याला तातडीने उपचारासाठी हलवावे लागत असेल, तर मात्र थांबण्याचा आग्रह नातलगांनी धरू नये; तो निर्णय डॉक्टरांचा.