पान उघडायला वेळ लागतोय? डीएनएस बघा

स्पीड टेस्टमध्ये आकडा चांगला येतो, पण वेबसाइट उघडताना पान काही क्षण कोरंच राहतं आणि मग एकदम झरझर येतं. असं होत असेल तर संशय डीएनएसवर घ्यावा. साइटचं नाव टाइप केलं की आधी त्या नावाचा आकडी पत्ता शोधावा लागतो. हे काम डीएनएस करतो; पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये आखलेली ही व्यवस्था म्हणजे इंटरनेटची डिरेक्टरीच. एकाच पानावरच्या जाहिराती, फोटो, फॉन्ट वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात, म्हणून ही विचारणा अनेकदा होते. कनेक्शन देणाऱ्या कंपनीचा डीएनएस सर्व्हर संथ असला की दर वेळी खोळंबा.

गूगलचा ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हे सर्व्हर फुकट वापरता येतात. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या रकान्यात यांपैकी एक आकडा भरला की सहसा घरातल्या सगळ्या फोन-लॅपटॉपना तो लागू होतो. सेटिंगचा पत्ता बहुधा राउटरखालच्या स्टिकरवर असतो. जुने आकडे आधी कागदावर उतरवून ठेवा. अँड्रॉइड ९ पासूनच्या फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ची सोय आहे, तिथे मात्र आकडे चालत नाहीत, ‘डीएनएस डॉट गूगल’ हे नाव इंग्रजीत भरावं लागतं.

डीएनएस बदलल्यानं डाउनलोडचा वेग दुप्पट होतो असं कुणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका. व्हिडिओ सारखा अडकत असेल तर दोष बहुधा वाय-फायचा किंवा लाइनचा. लॅपटॉप केबलनं थेट राउटरला जोडून बघा. वेग नीट मिळाला तर राउटरची जागा बदला, नाही तर कंपनीकडे तक्रार नोंदवा.